कर्जाने आखलेली हद्द

जालन्याहून देऊळगाव राजाला निघालेली एसटी तासाभराच्या आत मराठवाडा सोडून विदर्भात शिरते. हद्द ओलांडल्याची खूण म्हणून रस्त्याकडेच्या पाटीखेरीज काही दिसत नाही. कपाशी तीच, सोयाबीन तेच, सोयरिकीही दोन्हीकडे. तरी १८५३पासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे ही दोन वेगळ्या राज्यकर्त्यांमधली सीमा होती. जालन्याच्या बाजूला निजामाचा हाली सिक्का चाले, देऊळगावच्या बाजूला इंग्रजांचा कलदार रुपया. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. ही रेघ कुठल्या लढाईने आखलेली नाही, कर्जाने आखलेली आहे. फौजेच्या पगाराची थकबाकी निजाम सरकारला फेडता आली नाही, म्हणून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. त्याबरोबर सिंदखेड आणि देऊळगाव गेले. जालना, जाफराबाद, भोकरदन, अंबड, परतूर निजामाकडे उरले.

राज्यावरच्या कर्जाची चर्चा अर्थसंकल्पाच्या दिवशी होते आणि शेतकऱ्याच्या कर्जाची दुष्काळ पडला की. जालन्याचा इतिहास वाचताना या दोन चर्चा वेगळ्या ठेवता येत नाहीत. निजामाच्या दरबाराने पैसा उचलला तेव्हा त्याला तारण होते ते गावोगावच्या शेतसाऱ्याचे. तो सारा वेळेवर भरण्यासाठी कुणब्याला सावकाराच्या ओसरीवर जावे लागले. वरच्या कर्जाचे व्याज खालच्या कर्जातून निघत गेले.

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण या गावाच्या जुन्या पेठेने कमावलेली आहे. नोव्हेंबर १६७९मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ही पेठ लुटली, तेव्हा इथल्या धनिकांनी आपली चीजवस्तू सय्यद जान महंमद या अवलियाच्या आवारात हलवली होती, असे तत्कालीन फारसी इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. पुढे नोव्हेंबर १७२७मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामावर चाल केली, तीही जालना आणि सिंदखेडच्या मुलखातून. ती मोहीम पुढच्या फेब्रुवारीत पालखेडला संपली. बाजीरावांच्या या धावपळीमागे कर्जाचा रेटा किती मोठा होता, हे त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांतून कळते. मोहिमेसाठी कर्ज काढायचे, ते फेडायला नवी मोहीम काढायची आणि तिच्यासाठी पुन्हा कर्ज उचलायचे, या चक्रात पेशव्यांची सारी हयात गेली. तलवारीला हार माहीत नसलेला हा पुरुष सावकारांपुढे हतबल झालेला त्या पत्रांत दिसतो. त्यांच्या स्वाऱ्यांच्या वाटेवरच्या जालन्यासारख्या पेठांनी त्या कर्जाचे हप्ते भरले, असे म्हणायला हरकत नाही.

१७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर हा भाग मराठ्यांकडे आला आणि पुढे शिंद्यांच्या अमलाखाली राहिला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्याच्या चौथ्या कलमाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख, जालनापूरचा किल्ला आणि परगणा धरून, कंपनीकडे गेला आणि तिथून तिच्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या पदरात पडला. असईच्या रणांगणाबद्दल इंग्रजीत पुस्तकांमागून पुस्तके निघाली. त्या विजयानंतर इथल्या रयतेच्या गळ्यात काय पडले, याबद्दल फारच कमी लिहिले गेले.

पडले ते एका फौजेचे ओझे. कंपनीची तैनाती फौज पोसण्यासाठी निजामाने १८००मध्येच बेल्लारी, अनंतपूर, कडप्पा हे जिल्हे कायमचे तोडून दिले होते. तो खर्च तिथे संपायला हवा होता. पण त्या तहात युद्धप्रसंगी निजामाने ९,००० स्वार आणि ६,००० पायदळ मदतीला द्यावे असे एक कलम होते. हैदराबादेतला कंपनीचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात त्या कलमाचा आधार घेऊन एक नवी, बारमाही फौज उभी राहिली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. हीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. तिचा वर्षाचा खर्च ४० लाखांच्या घरात गेला. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद इथे तिची ठाणी होती. जालन्यातही इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची छावणी पडली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली.

इतका पैसा दर महिन्याला रोख आणायचा कुठून? दरबारात कारभार राजा चंदूलाल यांच्या हाती होता. त्यांना उत्तर सापडले ते विल्यम पामर आणि कंपनी या पेढीत. १८१४मध्ये हैदराबादेत निघालेल्या या पेढीचा मालक एका इंग्रज जनरलचा आणि त्याच्या मुसलमान बेगमेचा मुलगा. गोऱ्यांनी सरकारी परवानगीशिवाय संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा ब्रिटिश कायदा होता. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने १८१६मध्ये या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड. हेस्टिंग्जने जिला मुलीसारखे वाढवले, तिचा तो नवरा. निजाम सरकारला व्याज पडे शेकडा २४-२५. औरंगाबाद आणि वऱ्हाडकडच्या फौजेचा पगार पेढीने आगाऊ द्यायचा आणि त्या बदल्यात परगण्यांच्या वसुलावर तनखे, म्हणजे वसूल परस्पर उचलण्याच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, असाही करार झाला. १८२०मध्ये ६० लाखांचे आणखी एक कर्ज उभे राहिले. त्याच वर्षी आलेला नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने हे सगळे चव्हाट्यावर आणले. पेढीचे देणे भागवण्यासाठी निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी पेशकश एकरकमी घेऊन कायमची सोडून दिली. वर्षाला सात लाखांचे उत्पन्न गेले आणि १८२४मध्ये पेढीही बुडाली.

यात जालन्याच्या पाटील-कुणब्यांचा संबंध येतो तो इजाऱ्यातून. रोख हवी असलेल्या सरकारने परगण्यांची वसुली लिलावात काढली. जो जास्त बोली बोलेल आणि आगाऊ रक्कम मोजेल त्याला परगणा. त्याच्यापेक्षा जास्त मोजणारा दुसरा आला की पहिल्याची सनद रद्द. हैदराबादेहून निघालेला इजारदार घोड्यावर शेपटीकडे तोंड करून बसतो, कारण मागून आपल्या जागी कोण येतोय हे त्याला बघायचे असते, अशी गोष्ट तेव्हा सांगितली जाई. अशा माणसाला विहीर खोदायची नव्हती की पडीक जमीन वहितीत आणायची नव्हती. हातात परगणा आहे तोवर मोजलेली रक्कम दामदुपटीने काढायची, एवढेच त्याचे काम. पीक खळ्यावर येण्याआधी सारा मागितला जाई. कुणबी सावकाराकडे जाई. तो सावकार बहुधा इजारदाराचाच जामीन असे. एकाच पैशावर दोन ठिकाणी व्याज चढे, आणि दोन्ही व्याजे शेवटी एकाच खळ्यातल्या ज्वारीतून निघत.

मेटकाफने काही वर्षे गावांवर ठरावीक साऱ्याची बंदोबस्ती लावली आणि देखरेखीला गोरे अधिकारी नेमले. त्याचा हेतू काहीही असो, गावांना तेवढा श्वास मिळाला. १८२९मध्ये गादीवर आलेल्या नासिरुद्दौला निजामाने हे अधिकारी परत पाठवायला लावले आणि इजारा पुन्हा सुरू झाला. शेजारच्या वऱ्हाडात तर जिल्हेच्या जिल्हे सावकारांच्या हाती गेले. आधी हैदराबादचा मोठा सावकार पुरणमल. १८३९मध्ये त्याला काढल्यावर पेस्तनजी आणि कंपनी ही मुंबईकडची पारशी पेढी. या पारशी मंडळींना नुसते सावकार म्हणणे अन्यायाचे होईल. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला पहिल्यांदा पाठवला तो त्यांनीच. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांनी पाडलेले रुपये पेस्तनशाही म्हणून चालत. सरकारला दिलेल्या कर्जापोटी १८४१मध्ये त्यांना वऱ्हाडचा वसूल लावून दिला गेला आणि चारच वर्षांत तो त्यांच्याकडून काढूनही घेतला गेला. कर्ज देणारा बुडाला, घेणाराही बुडालेलाच राहिला. नाणी पाडणाऱ्या पेढीला जिथे आपला पैसा वसूल करता आला नाही, तिथे दहा बिघ्यांच्या कुणब्याची काय पत राहिली असेल?

शेवटी कंपनीने स्वतःच सावकाराची जागा घेतली. कंटिंजंटचा पगार थकला की कंपनी आपल्या तिजोरीतून तो भागवी आणि व्याजासह निजामाच्या नावे मांडी. गव्हर्नर जनरल डलहौसीने वसुलीचा तगादा लावला. नासिरुद्दौलाने पुष्कळ टाळाटाळ केली, पण २१ मे १८५३ रोजी त्याला सही करावी लागली. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा पट्टा आणि रायचूर दुआब कंपनीकडे लावून दिले गेले. ज्या फौजेवर निजामाचा हुकूम चालत नव्हता, तिच्या पगारासाठी राज्याचा सर्वात सुपीक कापूसपट्टा गेला. १८५७च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची बक्षिसी म्हणून १८६०मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत आले. वऱ्हाड आले नाही. १९०२मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते दरसाल २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकले.

सही झाल्यानंतर दहा दिवसांत हैदराबादची दिवाणगिरी चोविशीतल्या सालारजंगांकडे आली. त्यांनी इजारा मोडला. १८६५च्या सुमारास जिल्हाबंदी झाली, पगारी तालुकदार नेमले गेले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणी आणि आकारणी सुरू झाली. सरकारचा कर्जबाजारीपणा सावरला तो याच माणसाने. त्यांच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पण नव्या व्यवस्थेत एक मेख होती. सारा आता ठरावीक, रोखीत आणि ठरलेल्या तारखेला. पाऊस मात्र ठरलेला नाही. शिवाय जमीन खातेदाराच्या नावावर पक्की झाली, म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली. इजाऱ्याच्या काळात जमिनीला तारण म्हणून फारशी किंमत नव्हती. आता सावकार खुशीने पैसे देऊ लागला. पेरणीला दिलेल्या धान्यावर सुगीत सवाईने किंवा दिढीने धान्य घ्यायचे, लग्नाकार्याला रोख द्यायची, दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करायचे. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही. नवे खत झाले की कालचे व्याज आजचे मुद्दल होई आणि तो नियम कागदावर राही. मुदत भरली की गहाणखताचे खरेदीखत. कुळ त्याच शेतात राबत राही, फक्त आता बटईने.

हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात हेच चालले होते. तिथे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यातून चौकशी झाली आणि १८७९चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात उणिवा पुष्कळ होत्या, पण कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. गोदावरीच्या अलीकडे, अंबडच्या किंवा परतूरच्या शेतकऱ्याला असे संरक्षण मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

त्या अर्धशतकात कापूस आला आणि त्यामागून रेल्वे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६०च्या दशकात कापसाचे भाव भडकले होते. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मार्ग सुरू झाला आणि जालन्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. निजामाच्या राज्यातली ही रेल्वे उभी राहिली ती लंडनच्या भांडवलावर. त्या भांडवलाला सरकारी तिजोरीतून व्याजाची हमी होती. १८८३मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेच्या वेळी हैदराबादेतल्या लोकांनी अशा हमीचा बोजा कोणावर पडणार, असा जाहीर सवाल केला. त्यांच्यात पुढे होते सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय. त्यांना राज्याबाहेर काढण्यात आले. सरकारच्या कर्जाचा हिशेब लोकांनी मागायचा असतो, ही गोष्ट या राज्यात पहिल्यांदा इतक्या उघडपणे बोलली गेली आणि तिला उत्तर हद्दपारीने मिळाले.

विसाव्या शतकात हैदराबादची तिजोरी भरत गेली. अकबर हैदरींनी अर्थखात्याची घडी बसवली, राखीव निधी उभारले, १९३०मध्ये रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. फेब्रुवारी १९३७मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून निजाम मीर उस्मान अली खान यांचे चित्र आले. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारने एस. एम. भरूचा यांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचा अहवाल प्रसिद्ध केला. ही दोन छापील पाने शेजारी ठेवून पाहावीत. राज्य कर्जातून वर आले होते आणि रयत तिथेच रुतली होती. त्याच दशकात सावकारीचे नियमन, कर्जतडजोड मंडळे, शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर निर्बंध, असे कायदे झाले. १९३६मध्ये भगेला म्हणजे कर्जापोटी पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या मजुरांच्या करारांवरही बंधने आली. कायदे चांगले होते. पण निरक्षर कुळाला सावकारावर दावा लावायचा, तोही तालुक्याला जाऊन, उर्दूत चालणाऱ्या कचेरीत, हे होणार कसे?

सप्टेंबर १९४८मध्ये निजामी राज्य संपले. १९५४च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी अहवालाने सांगितले की देशातल्या शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्था पुरवतात जेमतेम ३ टक्के आणि सावकार सुमारे ७० टक्के. तिथून पुढे गावोगाव सोसायट्या निघाल्या. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि संकरित बियाण्याची पिशवी घरोघर पोहोचली. उत्पन्न वाढले, तसा पेरणीचा रोख खर्चही वाढला. घरचे बियाणे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दर मृगाला रोख रकमेची गरज पडू लागली.

ऑगस्ट १९७५मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र सरकारने एका वटहुकमाने अल्पभूधारक, भूमिहीन मजूर आणि गावच्या कारागिरांची सावकारी कर्जे रद्द केली आणि गहाण दागिने परत करायला लावले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने कायदा टिकला. जमीन नसलेल्या माणसालाही कर्ज असते, हे ओळखणारा हा दुर्मीळ कायदा. त्यानंतरच्या माफ्या जमिनीच्या आणि बँकेच्या खात्याभोवतीच फिरल्या. १९९०ची दहा हजारांपर्यंतची, २००८ची केंद्राची, २०१७ची दीड लाखापर्यंतची, २०१९ची दोन लाखांपर्यंतची. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बाग उभी करायला आठ-दहा वर्षे लागतात. तिचे कर्ज एका माफीने फिटले, तरी बुडालेली वर्षे भरून येत नाहीत. जालना तालुक्यातल्याच कडवंची गावाने पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून द्राक्षे पिकवून दाखवली. कर्जमाफीवर खर्च झालेल्या पैशातला छोटा हिस्सा अशा कामांकडे वेळेवर वळला असता, तर चित्र निराळे दिसले असते, असे या जिल्ह्याकडे पाहताना वाटते.

आता पुन्हा सरकारचीच कर्जे वाढत आहेत. राज्यावरचे कर्ज २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात धरले होते. जालन्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही मोठ्या प्रमाणावर कर्जाच्या पैशातून झाला. जुन्या रोख्यांची मुदत भरली की रिझर्व्ह बँकेमार्फत नवे रोखे विकून त्यांचे देणे भागवले जाते. गावच्या सोसायटीत याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. ३१ मार्चच्या आत भरले तर व्याजसवलत मिळते, म्हणून कापूस-तूर विकून पुरेसे आले नाही, तर शेतकरी आठ-पंधरा दिवसांसाठी खासगी सावकाराकडून हातउसने घेतो, सोसायटी भरतो, नवे कर्ज उचलतो आणि सावकाराला परत करतो. तेवढ्या दिवसांचे व्याज सावकाराचे. सोसायटीच्या वहीत खाते नियमित दिसते.

ज्याच्याकडे सातबाराच नाही, त्याला हा मार्गही नाही. मंठा, परतूर, घनसावंगीच्या तांड्या-वस्त्यांवरची जोडपी कारखान्याला ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम त्या कोयत्यामागे उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, किराण्यात हंगाम सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते. तोडलेल्या टनांतून फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर ओढली जाते आणि कोयता पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जातो. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने देशभर रद्द झाली, पण उचलीच्या या बाकीची नोंद सोसायटीत नाही, बँकेत नाही आणि आजवरच्या कुठल्याही माफीच्या यादीत नाही. ती फक्त मुकादमाच्या डायरीत आहे.